बादलीवाले मास्तर

लग्नसराई लागली की वर्धा जिल्ह्यात बडवणाऱ्यांना तोटा नसतो. डफडेवाले असतात, संदलवाले असतात, लाल कोट घातलेले बँडवाले असतात आणि या सगळ्यांवर वरताण करायला आता धुमाल आहे. गाडीवर ड्रमसेट, पॅड, कांगो, ताशा, कॅसिओ आणि माणसाच्या उंचीचे भोंगे चढवायचे, ती गाडी वरातीपुढं पावलापावलानं हाकायची आणि रस्त्यालगतच्या घरांची तावदानं थरथरवायची, ही धुमाल. अशा पार्टीत एक तरी वाजवणारा असा निघतोच, की ज्याचे हात वरातीत असतात आणि जीव भलतीकडंच. आमचे मास्तर त्याच वाणाचे.

‘मास्तर’ ही पदवी त्यांना धुमालच्या पोरांनी दिली. शिक्षण खात्याशी त्यांचा संबंध आठवीतच संपला. कापसाच्या सीझनमध्ये ते एका जिनिंगच्या काट्यावर बसतात आणि गाड्यांची वजनं वहीत उतरवतात. डावा हात वहीवर, उजव्या हातात पेन आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात त्या पेनाचं मागचं टोक टेबलाच्या पत्र्यावर चाललेलं: तकिट, तकधिमि, तक. तीन, चार, दोन.

‘‘मास्तर, किती झालं जी?’’ शेतकरी विचारतो.

‘‘नऊ.’’

‘‘नऊ? घरून तं बारा क्विंटल भरून आणला ना बाप्पा!’’

मग मास्तर भानावर येतात, काटा बघतात, बारा लिहितात आणि शेतकऱ्याच्या जिवात जीव येतो.

मास्तरांचं दैवत त्रिलोक गुर्टू. ठुमरीच्या शोभा गुर्टूंचा हा मुलगा. त्या मूळच्या बेळगावच्या, शिरोडकरांच्या. ‘मैं तुलसी तेरे आँगन की’मधली त्यांची ठुमरी जुन्या लोकांना अजून आठवते. त्रिलोकचा जन्म 1951चा, मुंबईचा. तबल्यावर हात तयार झाला आणि पुढं गडी जॅझवाल्यांत जाऊन बसला. ओरेगॉन नावाच्या अमेरिकन चमूतला कॉलिन वॉलकॉट 1984 साली अपघातात गेला, त्या रिकाम्या जागी त्रिलोक आला. 1988 साली स्वतःचा ‘उसफ्रेट’ हा अल्बम काढला आणि त्यात आईला गायला लावलं. 1989 साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गिटारवाल्या जॉन मॅक्लॉक्लिनबरोबर तो जे वाजला, त्याचं रेकॉर्डिंग आजही ड्रमवाले पारायणासारखं ऐकतात. ‘डाउनबीट’ या अमेरिकन मासिकानं त्याला अनेकदा सर्वोत्तम तालवादक ठरवलं. घर केलं ते जर्मनीत, हॅम्बुर्गला. मास्तर हे सगळं सालांसकट घडाघडा सांगतात. स्वतःच्या पोरांच्या जन्मतारखा मात्र शाळेचा फॉर्म भरताना बायकोला विचाराव्या लागतात.

आता एवढ्या मोठ्या वादकाचा चाहता म्हटलं की त्याची अफाट तयारी, तो वेग, ती लयीची गणितं यांवर बोलेल, अशी आपली अपेक्षा. मास्तरांना त्यात रस नाही. थोर माणसात आपल्यासारखं काय आहे, तेवढंच ते शोधतात. मोबाइलवर त्रिलोकचा व्हिडिओ लावतात, पडदा आपल्या नाकाजवळ धरतात आणि म्हणतात, ‘‘हे पाहा. स्टूल हाय का? नाही! खाली बसते माणूस!’’

ते खरं आहे. त्रिलोक बराच काळ जमिनीवर गुडघे टेकून वाजवत आला. मांडणीही त्याची स्वतःची: तबला, कांगो, झांजा, स्नेअर असं सगळं हाताच्या टप्प्यात, आणि नेहमीच्या सेटमधला तो भलामोठा बेस ड्रम नाही. धुमालच्या गाडीवर भोंगे चढवल्यावर स्टुलाला जागा उरत नाही, म्हणून मास्तरही पोत्यावरच बसतात. अडचण एकाची, शैली दुसऱ्याची. पण मास्तरांच्या हिशेबी दोघांचं घराणं एक.

दुसरा पुरावा याहून पक्का. त्रिलोकनं स्वतः सांगितलंय, की तरुणपणी पाश्चात्त्य रेकॉर्डी ऐकून तो वाजवायला शिकला, तेव्हा एकावर एक ट्रॅक चढवून रेकॉर्डिंग करतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. जे ऐकू येतंय ते सगळं एकच माणूस वाजवतो असं धरून तो सगळं एकटाच वाजवायला लागला. मास्तरांना हा किस्सा कळला त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण त्यांच्या पार्टीत पॅडवाला पोट्टा हमखास ऐन मुहूर्तावर दुसऱ्या पार्टीत पळतो आणि कांगोवाल्याच्या घरी नेमका त्याच दिवशी कोणीतरी आजारी पडतो. मग मास्तर उजव्या हातानं ड्रम, डाव्यानं कांगो आणि मधूनच कोपरानं पॅड असे एकटेच तिघांचं वाजवतात. पैसे मात्र एकाचेच मिळतात. ‘‘त्रिलोकले तरी कोन तिघाइचे देत असन?’’ असं म्हणून स्वतःची समजूत घालतात.

घरातल्या म्हाताऱ्यांना या भक्तीचं कौतुक नाही. मास्तरांचे मामा राष्ट्रसंतांचे माणूस. तुकडोजी महाराजांच्या तळहाताएवढ्या खंजिरीनं सारा विदर्भ हलवला, 1936 साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला ठेवून घेतलं, हे मामांनी बापाच्या तोंडून ऐकलेलं. एकदा मास्तरांनी त्यांना कौतुकानं व्हिडिओ दाखवला. मामांनी चष्मा पुसून तो शेवटपर्यंत पाहिला.

‘‘एकटाच इतके वाद्यं वाजवते?’’

‘‘हाव ना मामा!’’

‘‘सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या वाजवतेत एका टायमाले. वरून कीर्तन सांगतेत, दारू सोडा म्हन्तेत. तुहा हा काय सांगते?’’

मास्तर निरुत्तर झाले. आठवडाभर विचार करून त्यांनी जाहीर केलं, की अकोटकडचे सत्यपाल महाराज आणि त्रिलोक यांनी एका मंचावर बसायला पाहिजे. सूचना वाईट नाही. कोणी सोय केली तर वर्ध्याहून निदान एक तिकीट नक्की खपेल.

पण मास्तरांची खरी ख्याती बादलीची. त्रिलोक वाजवताना शेजारी पाण्याची बादली ठेवतो. घंटा किंवा झांज वाजवायची आणि ती वाजत असतानाच पाण्यात उतरवायची. आवाज लवतो, घसरतो, वर आणली की पुन्हा उठतो. व्हिडिओत हे पाहिलं आणि मास्तरांनी घरच्या न्हाणीतली स्टीलची बादली उचलली. वहिनींनी त्यावर एवढंच म्हटलं, ‘‘बादली न्या, पर घागर नाही नेऊ देनार.’’

पहिला प्रयोग झाला तो मे महिन्यातल्या एका वरातीत. वर्ध्याचा मे म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या आसपास. संध्याकाळी सहालाही डांबर चपलेला चिकटतं. गाडी बजाज चौकाच्या अलीकडं आली, मास्तरांनी सगळ्यांना हात केला, वाद्यं थांबली. मास्तरांनी देवघरातली घंटी काढली, एकदा टोला दिला आणि डोळे मिटून ती हळूच बादलीत सोडली. नाद खाली घसरला. त्या गलक्यात तो दोघातिघांनाच ऐकू आला असेल, पण आला. तेवढ्यात नवरदेवाचे मोठे बाबा गाडीजवळ आले, बादलीत ओंजळ घातली, तोंडावर पाणी मारलं, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि म्हणाले, ‘‘वा मास्तर! वरातीत पान्याची सोय ठेवली! असा बँडवाला नाही पाह्यला.’’

पाठोपाठ सगळी वरात बादलीवर तुटून पडली. मास्तरांच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी दाद. बिदागीवर दोनशे रुपये जास्त मिळाले, ते पाण्याचे.

वरातीला मास्तरांचे सात आणि नऊ मात्रांचे ताल मात्र चालत नाहीत. चार मात्रांच्या पलीकडं गाडी गेली की नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकतात. त्यांना लागते नागीण. 1954च्या ‘नागिन’ची ती धून. तिच्यातली पुंगी खरी पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या वाद्यावर ती काढली होती. ही माहिती मास्तर नवरदेवाच्या मित्राला देऊ लागतात. मित्र तोंडात रुमाल धरून रस्त्यावर आडवा झालेला असतो, त्याला ती ऐकू जात नाही. मग मास्तर मुकाट्यानं नागीण वाजवतात. तिच्या शेवटी मात्र एक तिहाई टाकतात, तीनदा तेच, आणि नेमके समेवर येतात. ही तिहाई कुणी मागितलेली नसते आणि कुणाला कळतही नाही. मास्तर ती एकदाही चुकवत नाहीत.

माझ्या मते मास्तरांची भक्ती खरी दिसते ती इथं. ते स्वतःला त्रिलोक समजत नाहीत. समजले असते तर वरातीतून कधीच उठून गेले असते. एवढा मोठा माणूसही शेवटी खाली बसून, हाताशी असेल ते वाजवणारा ड्रमवालाच आहे, अशी त्यांनी खूणगाठ बांधली आहे. त्या एका समजुतीवर ते चौथ्यांदा मागितलेली नागीणही पहिल्यासारखी जपून वाजवतात. थोरांचे चाहते पुष्कळ असतात, पण थोराचं नाव घेऊन स्वतःचं हलकं काम नीट करणारे कमी.

तेव्हा वर्ध्याकडं लग्न काढाल आणि मास्तरांच्या पार्टीला सुपारी द्याल, तर तीन गोष्टी सांभाळा. नागीण दोनदाच मागा. रात्री दहाच्या आत वरात मांडवात न्या, नाहीतर पोलिस येऊन समेच्या आधीच भोंगे बंद करतील. आणि गाडीवर स्टीलची बादली दिसली, तर कितीही तहान लागली तरी तिच्यातलं पाणी पिऊ नका. ते वाजवायचं आहे.