अब्रूदार पराभव

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचा उपयोग फार थोडा होतो, आणि होतो तेव्हा बऱ्याचदा भीतीपोटी होतो. दहा यार्ड पुढे सरकायला संघाला चार संधी मिळतात. त्यांना डाऊन म्हणतात. समजा, तीन डाऊन झाले आणि अजून दोन यार्ड उरलेत. म्हणजे एक धिप्पाड माणूस आडवा पडला तर सरतील एवढेच. समोर तसे धिप्पाड अकराजण उभे आहेत हे खरं; पण आपलेही अकराच आहेत आणि त्यांना नेमक्या याच कामाचे लाखो डॉलर मिळतात. अशा वेळी प्रशिक्षक काय करतो? पंट मारणाऱ्याला मैदानात धाडतो. तो चेंडू चाळीसेक यार्ड लांब उडवतो आणि हातातली वस्तू प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकतो. स्टेडियमभर लोक याला शहाणपण समजतात.

हे शहाणपण नव्हे, असं गणित फार आधीपासून सांगत आलंय. व्हर्जिल कार्टर हा सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू. मैदानात कुठल्या जागी चेंडू हाती असला तर त्याचं गुणांत मोल किती, याचा हिशेब त्याने एका प्राध्यापकाच्या जोडीने 1971 मध्येच मांडला होता. 2006 मध्ये बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी आकडेवारीनिशी दाखवलं की व्यावसायिक संघ गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा चेंडू लाथाडतात. प्रशिक्षकांनी ऐकून घेतलं आणि पंट चालू ठेवला.

मला यात प्रशिक्षकांचा मूर्खपणा दिसत नाही. त्यांचंही एक गणित आहे, फक्त ते वेगळ्या वहीत लिहिलेलं असतं.

15 नोव्हेंबर 2009, इंडियानापोलिस. न्यू इंग्लंड पेट्रियट्स 34-28 ने पुढे. खेळ संपायला दोन मिनिटं आठ सेकंद. चेंडू स्वतःच्याच 28 यार्डांच्या रेषेवर, चौथा डाऊन, हवेत दोन यार्ड. यजमान कोल्ट्सकडे क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये सतरा गुणांची पिछाडी कमी करत तो इथवर आलेला. पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक अर्थशास्त्राचे पदवीधर. मॅनिंगच्या हाती चेंडू जाऊच द्यायचा नाही, हा त्यांचा साधा विचार. त्यांनी पंट केला नाही. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने केव्हिन फॉककडे पास टाकला, फॉकने तो घेतलाही. पण चेंडू हातात नीट बसेपर्यंत तो मागे रेटला गेला, आणि पंचांनी अंतर अपुरं ठरवलं. दाद मागायला हाती टाइमआऊट लागतो, आणि ते संपलेले. तेरा सेकंद उरले असताना मॅनिंगने चेंडू शेवटच्या रेषेपार नेणारा टचडाऊन पास टाकला. 35-34.

तोवर तीन सुपर बोल अजिंक्यपदं जिंकून दिलेल्या बेलिचिक यांचं डोकं ठिकाणावर आहे ना, इथवर चर्चा गेली. पंट करून हरले असते तर? मॅनिंग काय खेळला, असं म्हणत सगळे झोपायला गेले असते. आपल्याकडे पोस्टाच्या मुदत ठेवीत पैसे ठेवून महागाईत त्यांचं मोल घटलं तर घरात कोणी अवाक्षर काढत नाही. शेअरमध्ये तेवढेच गेले तर पुढची वीस वर्षं प्रत्येक दिवाळीत फराळाबरोबर ती आठवण निघते. रीतीने हरलं की पराभव संघाचा. रीत मोडून हरलं की तो एका माणसाच्या नावावर चढतो.

म्हणूनच मला ग्रीन बे पॅकर्सचे प्रशिक्षक मॅट लाफ्लोर यांचा निर्णय पूर्ण कळतो आणि तरी पटत नाही. जानेवारी 2021, लॅम्बो फील्ड, सुपर बोलच्या अलीकडचा सामना. ग्रीन बे पॅकर्स टँपा बेच्या मागे, 31-23. दोन मिनिटं आणि वर काही सेकंद उरलेले, चौथा डाऊन, टचडाऊन आठ यार्डांवर. क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स, त्या हंगामातला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला. लाफ्लोर यांनी खांबांमधून किक, म्हणजे फील्ड गोल मारायला सांगितला. तीन गुण मिळाले. आता गंमत बघा: आठ गुणांनी मागे असताना टचडाऊन लागणार होता, पाच गुणांनी मागे असतानाही टचडाऊनच लागणार होता. शिवाय आता चेंडू टँपा बेकडे, म्हणजे ब्रेडीकडे. हो, तोच ब्रेडी, आता दुसऱ्या संघात. चेंडू त्याने परत दिलाच नाही. फलक तेवढा जरा बरा दिसू लागला.

जुने लोक याहून सरस होते. 1966 च्या नोव्हेंबरात नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट हे देशातले पहिल्या दोन क्रमांकांचे कॉलेज संघ 10-10 वर अडले. नोत्र दामचे आरा पार्सिगियन यांनी शेवटचं मिनिट सरळ धावत, पास न टाकता काढलं. त्यांना भित्रा म्हटलं गेलं. राष्ट्रीय विजेतेपदही त्यांनाच मिळालं. नेब्रास्काच्या टॉम ऑस्बर्न यांच्यापुढे जानेवारी 1984 मध्ये मायामीविरुद्ध तोच मोह उभा राहिला. टचडाऊननंतर 31-30 ने मागे, पण एका गुणाची सोपी किक मारली की बरोबरी, आणि अपराजित संघाच्या पदरात बहुधा विजेतेपद. त्यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला. पास एका बचावपटूच्या बोटांना लागला, विजेतेपद मायामीला गेलं. ऑस्बर्न यांना पहिलं विजेतेपद मिळायला 1994 उजाडलं. तरी माझं मत ऑस्बर्न यांनाच.

अलीकडे वारं फिरलंय. टीव्हीच्या पडद्यावर आता जिंकण्याची शक्यता टक्क्यांत झळकते, आणि पंट केला म्हणून प्रशिक्षकाला बोलणी बसतात. भीती गेलेली नाही. पूर्वी ती रिवाजाच्या आड लपायची, आता आकडेमोडीच्या आड लपते, एवढंच.

अपवाद डेट्रॉइट लायन्सचे डॅन कॅम्पबेल. ते आडोसा शोधत नाहीत. जानेवारी 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला ते 24-7 ने पुढे होते; नंतर त्यांनी दोनदा फील्ड गोल सोडून चौथ्या डाऊनवर पुढे जायचं ठरवलं, दोनदा फसले, आणि 34-31 ने हरले. सहा गुण सोडले, हरले तीन गुणांनी. बेरीज-वजाबाकी शिकलेल्या प्रत्येकाने ते त्यांना सुनावलं. पुढच्या हंगामात लायन्सनी सतरापैकी पंधरा सामने जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनकडून 45-31 असा मार खाल्ला. त्या दिवशी दोष द्यायला चौथा डाऊन काही कामाला आला नाही. संघाने पाच वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली केला होता, आणि तोही पंट न करता.