हरल्यावर शिव्या कुणाला?

व्हिडिओ गेम चांगला की भिकार, हे ठरवायची माझ्याकडे एकच कसोटी आहे. हरल्यावर तोंडातून शिवी निघते ती कुणाच्या नावाने? शेजारी बसलेल्याच्या नावाने निघाली तर गेम उत्तम. स्वतःच्याच नावाने निघाली तर त्याहून उत्तम. पण गेम बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने निघाली, तर तो गेम फोनमधून पुसून टाकावा आणि मोकळ्या जागेत भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ ठेवावेत. तेही कुणी बघत नाही, पण निदान पैसे मागत नाहीत.

ही कसोटी मला धुळ्यात सापडली. नव्वदच्या दशकात देवपुरातल्या आमच्या घरी टीव्हीला जोडायचा एक डबा आला. जपानच्या निन्टेंडो कंपनीने 1983 मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं होतं, त्याची ही बिनपरवाना नक्कल होती. आम्हाला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी कुणाची झोप उडाली नसती. सोबत पिवळी कॅसेट. तिच्यावर छापलेलं, ‘9999999 इन 1’. आजोबांनी चष्मा लावून आकडा वाचला, मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, “रोज एक खेळला तरी 27 हजार वर्षं पुरतील. तेवढ्यात दहावीचंही बघा.” प्रत्यक्षात यादीत खाली खाली जात राहिलं की तेच पाच-सहा गेम नावं बदलून पुन्हा भेटायचे. कॅसेट चालली नाही की काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. आता जाणकार सांगतात की फुंकरीचा काही उपयोग नसायचा. कॅसेट काढून पुन्हा नीट बसायची म्हणून चालायची, उलट तोंडाच्या वाफेने आतलं तांबं खराब व्हायचं. जाणकारांनी हे तेव्हा आमच्या गल्लीत येऊन सांगितलं असतं, तर त्यांनाच बाहेर काढून पुन्हा बसवलं असतं.

त्या कॅसेटमधला राजा म्हणजे कॉन्ट्रा. दोन उघडेबंब शिपाई, प्रत्येकाला तीन जीव, आठ टप्पे, आणि समोरून येणारी प्रत्येक वस्तू जीवावर उठलेली. मे महिन्याच्या सुट्टीत जळगावचा मामेभाऊ यायचा आणि आम्ही जोडीने खेळायचो. तिसरा टप्पा धबधब्याचा. तिथे पडदा वर सरकतो. वरच्या गड्याने उडी मारली की खालचा जागच्या जागी खलास. त्याला गोळी लागावी लागत नाही, नुसतं मागे राहणं पुरतं. मामेभाऊ धबधबा दिसला की माकडासारखा वर. मी खाली मरायचो आणि तो वरून म्हणायचा, “तू बी उडी मार ना भो!”

इंग्रजांनी 1906 मध्ये खानदेशचे दोन तुकडे केले. पूर्व खानदेशला जळगाव, पश्चिम खानदेशला धुळे. या वाटणीमागे कारभाराची सोय होती असं पुस्तकात लिहिलंय. मला ते पटत नाही. जळगावच्या माणसाबरोबर कॉन्ट्राचा तिसरा टप्पा खेळून पाहा, खरं कारण कळेल. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, तो मी खेळलेला सर्वांत चांगला गेम आहे. प्रत्येक मरणाला गुन्हेगार होता, तो हाताच्या अंतरावर बसलेला होता आणि त्याच्या पाठीत धपाटा घालता येत होता.

याच गेममध्ये बटणांचा एक मंत्र होता. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. की तिनाचे तीस जीव. धुळ्यात तो मंत्र कुणी आणला देवाला ठाऊक. इंटरनेट नव्हतं, गेमची मासिकं आग्रा रोडवर मिळत नव्हती. पण पाचवीतल्या प्रत्येक पोराला तो पाठ होता, आणि त्यातल्या निम्म्यांना सतराचा पाढा येत नव्हता. पुढे वाचलं की तो कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी 1986 मध्ये ‘ग्रॅडियस’ या गेमसाठी केला होता. गेम तपासायचा होता आणि तो त्यांना स्वतःलाच झेपत नव्हता! मला हा माणूस फार आवडला. आपण केलेली वस्तू आपल्यालाच अवघड जाते, हे त्यांनी मान्य केलं, पळवाट काढली आणि तिचे पैसे लावले नाहीत. 2020 मध्ये ते गेले. आजच्या कंपनीने तोच मंत्र दिवाळी ऑफरमध्ये विकला असता.

मारिओचं मोठेपण वेगळं. 1985 चा तो गेम शिकवणी घेत नाही. सुरुवातीलाच समोरून एक तपकिरी प्राणी फुरफुरत येतो. उडी मारली नाही तर मरण, मारली तर डोक्यावर विटा, विटांत प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्हात नाणं. एक अक्षरही न वाचता अर्ध्या मिनिटात सगळं समजतं, आणि हे शिगेरू मियामोतो यांनी मुद्दाम तसं रचलं होतं. आता गेम उघडला की आधी एक बाई येते. ती बोटाने बाण दाखवून ‘इथे दाबा’ म्हणते. दाबलं की ‘शाब्बास’. पुन्हा दाबा, पुन्हा शाब्बास. मला इतकं शाब्बास म्हणणारं आयुष्यात कुणी भेटलं नाही, आणि म्हणूनच संशय येतो. मारिओत सात किल्ले सर केल्यावरही दर वेळी एकच ऐकायला मिळतं, राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. आम्ही कधी चिडलो नाही. सातबाऱ्यावर एक नाव चढवायला माणूस जसा या टेबलावरून त्या टेबलावर जातो, तसंच हे, एवढं आम्हाला घरच्या अनुभवावरून कळत होतं.

अर्थात जुनं सगळं सोनं होतं असं नाही. डक हंट घ्या. बंदुकीचा घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड टिपायचा. कल्पना झकास; आजच्या चपट्या टीव्हीवर मात्र ती बंदूक चालत नाही. पण बदक हुकलं की गवतातून एक कुत्रा उठून तोंडावर पंजा धरून हसायचा. आणि त्याला गोळी घालता यायची नाही. अन्याय म्हणतात तो हा. शिवी ऐकायला समोर कुणी नाही, हसायला मात्र आहे. शिवाय मारिओत खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. सातव्या किल्ल्याच्या दारात लाइट गेली की पुन्हा पहिल्या प्राण्यापासून. खानदेशच्या उन्हाळ्यात, पंचेचाळीस डिग्रीत, बनियनवर बसून आम्ही जी सहनशक्ती कमावली, तिच्यावर पुढे संसार झाले.

आता शेतीच्या गेमबद्दल बोलतो, कारण त्याबद्दल बोलायचा अधिकार जळगाव जिल्ह्याइतका कुणालाच नाही. 2009 मध्ये फेसबुकवर फार्मव्हिल आला. चार तासांत स्ट्रॉबेरी. वरून शेजारी तुमच्या रानात येऊन पिकाला खत घालून जायचे. ते बघूनच कळलं, हा गेम करणारा खानदेशातला नाही. आमच्याकडे शेजारी रात्री येतो तो बांध कोरायला. माझी एक आतेबहीण पहाटे गजर लावून उठायची, कारण वेळेवर कापलं नाही तर पीक वाळून जायचं. ती बँकेत नोकरीला होती आणि शेतीचा कंटाळा म्हणूनच तिने शेतकरी नवरा नाकारला होता. 2020 च्या 31 डिसेंबरला तो गेम बंद झाला. तिच्या जमिनीचा मोबदला मिळाला नाही.

माझा पुतण्या, म्हणजे धबधब्यावर पळणाऱ्या मामेभावाचा मुलगा, फार्मिंग सिम्युलेटर खेळतो. स्वित्झर्लंडच्या कंपनीचा गेम, खरे ट्रॅक्टर, खरी औतं. 2018 च्या आवृत्तीत त्यांनी कापूस आणला. केळी नाही. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तरी स्विस माणसांना पत्ता नाही, हे मामांना फार लागलं. यावल तालुक्यात मामांची केळीची बाग आहे. रात्रीची लाइट असली की ते बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातात, आणि नातू त्याच वेळी एसीत बसून गोऱ्या लोकांच्या देशात नांगरतो. एकदा मामा त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले. कापूस पाहिला, बोंडअळी शोधली, सापडली नाही. पोराने एक बटण दाबून बँकेचं कर्ज काढलं. मामा खालीच बसले. “सातबारा? जामीनदार? साहेब जेवायला गेले नाहीत का?” मग बराच वेळ विचार करून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “याच्यात माफी कोणत्या निवडणुकीला होते?”

माझ्या कसोटीवर हा गेम चांगला आहे. नांगर बांधात घातला तर शिवी स्वतःलाच बसते. खरी शेती मात्र या कसोटीला अजिबात उतरत नाही. मामा वर्षभर बरोबर बटणं दाबतात; मग मे महिन्यात एक वादळ येतं आणि घडांसकट बाग आडवी. हरल्यावर शिवी द्यायची तर थेट बनवणाऱ्यालाच, आणि हा गेम पुसताही येत नाही.

खरेपणाचा सोस गेमवाल्यांनी सोडावा, असं माझं मत मामा पोराच्या खुर्चीमागे उभे राहिले त्याच दिवशी पक्कं झालं. रेड डेड रिडेम्प्शनचा दुसरा भाग संगणकावर 150 जीबी जागा मागतो. देखावे अप्रतिम, सूर्यास्त पाहून डोळे भरून येतात. पण त्यात घोड्याला चारा घालावा लागतो, खरारा करावा लागतो. ज्याला हे हवं त्याने डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जावं. जागा फुकट, दत्ताचं दर्शन वर.

मोबाइलने तर हरण्याचाच धंदा केला. कँडी क्रश पाच जीव देतो, संपले की अर्ध्या तासाने एक. घाई असेल तर पैसे टाका नाहीतर नातेवाइकांकडे मागा. आमच्या एका काकूंनी एका रात्रीत सगळ्या भावकीकडे जीव मागितला. वाटणीचा दावा कोर्टात असलेल्या दिरांकडेसुद्धा. आणि त्यांनी दिला! कॉन्ट्रातही जीव संपायचे, पण पाकीट मधे येत नव्हतं. आता तर शिपायाच्या नुसत्या कपड्यांना पैसे पडतात. जळगावच्या फुले मार्केटात तेवढ्यात खरी पँट येते, आणि दुकानदार चहा विचारतो.

जाहिराती हे आणखी एक दुखणं. बंद करायची फुली दिसू नये अशी काढलेली असते आणि दाबायला जावं तर जाहिरातच उघडते. जुलै 2025 मध्ये विधिमंडळात राज्याच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळ दिसल्याचा व्हिडिओ पसरला. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, आलेला गेम घालवत होतो. विरोधकांनी राजीनामा मागितला. मी मात्र लगेच विश्वास ठेवला. त्या फुलीपुढे भलेभले हरलेत. थोड्याच दिवसांत त्यांच्याकडचं कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. विनोदी लेखकाच्या पोटावर सरकारने इतका उघड पाय देऊ नये. पुढच्याच महिन्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदीचा कायदा झाला. बरं झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ओट्यावर बसून पत्ते कुटताना शंभराची नोट गेली तर ती निदान ओळखीच्या खिशात जाते, आणि संध्याकाळी त्याच खिशातून शेवभाजी निघते. जुगारबंदीचा कायदा 1887 पासून आहेच, पण त्याला आखाजीचं आमंत्रण जात नाही.

पबजीला पोरांनी डोक्यावर घेतलं, त्यावर वर्तमानपत्रांनी पुष्कळ अश्रू ढाळले आणि 2020 च्या सप्टेंबरात सरकारने बंदी घातली. माझं मत विचारलंच तर, गेम चांगला होता. शंभर माणसं सोव्हिएत काळातल्या एका ओसाड बेटावर उतरतात, आणि त्या निर्जन शांततेत धुळ्याचा पोरगा ओरडतो, “भो, घरमा शे, घरमा!” एवढ्यासाठी तरी तो चालू ठेवायला हवा होता. वर्षभरात नवं नाव घेऊन परत आला, ते वेगळं.

पण ज्या गेमने आमच्या घरात सर्वांत जास्त नुकसान केलं, तो कुठल्याच बंदीच्या यादीत नाही. 2020 ची आखाजी 26 एप्रिलला आली, टाळेबंदीत. लेकी माहेरी येऊ शकल्या नाहीत, निंबाला झोका नाही, ओट्यावर पत्ते नाहीत. म्हणून नवी मुंबईत बनलेला लुडो किंग उघडला. धुळ्याहून आई, शिरपूरहून मावशी, जळगावातून मामा आणि मी, असे चार रंग. शेजारी व्हॉट्सअॅपचा कॉल स्पीकरवर. मावशीच्या तीन सोंगट्या घरात गेलेल्या, चौथी दारात. मामांना सहा पडला आणि मावशी कापली गेली. कॉलवर क्षणभर कुणी बोललं नाही. मग मावशी म्हणाली, “हाऊ फासा खोटा शे.” मामा म्हणाले, “अगं, फासा कॉम्प्युटर टाकतो, मी काय करू?” मावशीने कॉम्प्युटरला एका शब्दानेही बोल लावला नाही. लहानपणी मामा कवड्या कशा उलट्या करायचे, इथून सुरुवात करून ती आजोबांच्या घराच्या वाटणीपर्यंत आली. इतका निर्दोष गेम मी दुसरा पाहिला नाही.

निर्बंध उठल्यावर शिरपूरहून कुरडयांचे डबे निघाले. एक धुळ्याला आला, एक माझ्याकडे. मामांच्या नावाचा डबाच नव्हता. त्यांनी मावशीला फोन लावून विचारलं, “माझा डबा?”

“आधी सहा पडू दे,” मावशी म्हणाली, “मग निघेल घरातून.”