दीड तास मागचा विद्यार्थी

माहिती तंत्रज्ञानातली पदवी-उमेदवारी म्हणजे एकाच माणसाने एकाच वेळी कंपनीचा नोकर आणि विद्यापीठाचा विद्यार्थी असणे. तत्त्वतः दिवसाचे काम रात्रीच्या अभ्यासाला आणि रात्रीचा अभ्यास दुसऱ्या दिवशीच्या कामाला उपयोगी पडतो. व्यवहारात कंपनी ‘अजून शिकतोय’ म्हणून पगार वाढवत नाही आणि विद्यापीठ ‘कमावतोय ना’ म्हणून फी कमी करत नाही.

ब्रिटनमध्ये 2015 पासून या प्रकाराला सरकारी चौकट आहे आणि तिच्या पहिल्या मानकऱ्यांत संगणक क्षेत्र होते. तिथे उमेदवाराने फी भरायची नसते. ती मालक आणि सरकार भरतात. शिवाय कामाच्या तासांतला काही वाटा शिकण्यासाठी मोकळा ठेवावा लागतो. भारतात पिलानीच्या बिट्सने 1979 पासून नोकरी न सोडता पदवी घेण्याची सोय केली. 1990च्या दशकात विप्रोने याच संस्थेच्या साथीने विज्ञानाच्या पदवीधरांना कामावर घेऊन पुढे शिकवायला सुरुवात केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीतच उमेदवारी बसवण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली ती 2020 मध्ये. मधल्या काळात महाराष्ट्रातल्या बीसीए आणि बीएस्सी आयटीवाल्यांनी कोणत्याही तत्त्वाची वाट न पाहता विमान पकडले होते.

संयुक्त अरब अमिरातीत पोचलेल्या परदेशी नोकरदाराच्या वाट्याला अशी तयार योजना सहसा येत नाही. तो तिचे सुटे भाग गोळा करून स्वतःच जुळणी करतो. नोकरी दुबईतली, झोपण्याची जागा शारजातली कारण भाडे कमी, पदवी मिळेल तिथली आणि फी स्वतःच्या खिशातली. दुबई इंटरनेट सिटी आणि बिट्सचा दुबई कॅम्पस हे दोन्ही 2000 सालचे. म्हणजे कचेरी आणि वर्ग एकाच वर्षी जन्मले. पण इंटरनेट सिटीला मेट्रोचे स्टेशन आहे आणि बरीच परदेशी विद्यापीठे जिथे एकवटली आहेत त्या अकॅडमिक सिटीला अजून नाही. तिथे जाणारी ब्लू लाइन 2029 मध्ये सुरू व्हायची आहे. संध्याकाळच्या वर्गाला बसने निघालेला उमेदवार पहिल्या सत्रातच वाहतूक या विषयात पारंगत होतो.

म्हणून अनेक जण भारतातल्या विद्यापीठाचा ऑनलाइन वर्ग पसंत करतात आणि मग घड्याळाशी गाठ पडते. अमिराती भारताच्या दीड तास मागे आहे. पुण्यातले सर संध्याकाळी सहाला ‘आवाज येतोय का?’ विचारतात तेव्हा दुबईत साडेचार वाजलेले असतात आणि उमेदवार कोणाच्या तरी टेबलाखाली वाकून केबल शोधत असतो. त्याच्या कानात नॉर्मलायझेशन आणि हातात नॉर्मल न होणारा राउटर असतो. सरांनी अचानक नाव घेतले तर ‘सर, नेटवर्क इश्यू’ हे उत्तर द्यायचे असते आणि नेटवर्क दुरुस्त करण्यासाठीच त्याला पगार मिळत असल्याने ते खोटेही नसते.

वारांचा घोळ याहून मोठा होता. 2021 अखेरपर्यंत अमिरातीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असे. भारतीय विद्यापीठाचा रविवारचा वर्ग म्हणजे दुबईतल्या कचेरीचा आठवड्यातला पहिला, सर्वांत जास्त पासवर्ड विसरले जाण्याचा दिवस. 1 जानेवारी 2022 पासून संघराज्य सरकारने शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असे ठरवले, बऱ्याच खासगी कंपन्या त्याच वाटेने गेल्या आणि हजारो विद्यार्थ्यांची हजेरी एका आदेशाने सुधारली. शारजा सरकारने तर शुक्रवारही पूर्ण मोकळा केला. त्याचा फायदा शारजात राहून दुबईत काम करणाऱ्याला होत नाही. त्याला फक्त घरमालकाची सुट्टी दिसते.

कायदा अगदीच निष्ठुर नाही. 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू झालेल्या कामगार कायद्यात परीक्षेसाठी वर्षाला दहा दिवसांची अभ्यासरजा आहे. मात्र त्याच मालकाकडे दोन वर्षे पूर्ण झालेली हवीत आणि शिक्षणसंस्था अमिरातीतली मान्यताप्राप्त हवी. पुणे, नाशिक किंवा पिलानीच्या परीक्षेला ही रजा लागू पडत नाही. तिथे वार्षिक रजा खर्च होते आणि घरी ‘गणपतीला येतोस ना?’ या प्रश्नावर शांतता पसरते. खरा दिलासा रमजानचा. त्या महिन्यात कामाचे तास रोज दोनने कमी होतात, धर्म कोणताही असो. अभ्यासक्रमातली न वाचलेली सगळी प्रकरणे या महिन्यात उरकली जातात.

कामाचे स्वरूप सांगायचे तर उमेदवार बहुधा हेल्पडेस्कवर बसतो. तक्रारीला तिथे ‘तिकीट’ म्हणतात आणि दिवसाची कमाई किती तिकिटे बंद केली यावर मोजली जाते. वर्गात क्लाउडची रचना शिकलेला माणूस सकाळी लेखा विभागाचा प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करतो. दोन्हींना आयटीच म्हणतात. बाहेर 45 अंश असताना सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून बसणारी ही जमात आहे. स्वेटर आईने दिलेला असतो, ‘तिकडे कशाला लागतोय’ असे म्हणत. वरिष्ठ केरळचे असतील तर पदवीच्या आधी मल्याळम पूर्ण होते.

शेवटच्या सत्रातल्या प्रकल्पासाठी कंपनीतला एक मार्गदर्शक लागतो. तो कंपनीच्या खऱ्या अडचणीवर प्रकल्प करायला सुचवतो. मग ती अडचण गोपनीय असल्याचे मनुष्यबळ विभागाला आठवते आणि शेवटी रजेच्या अर्जांची नोंद ठेवणारी प्रणाली तयार होते. तिच्यात पहिला नामंजूर अर्ज स्वतः निर्मात्याचा असतो. गटातले बाकीचे सोबती पुण्यात असल्यास चर्चेचीही पंचाईत, कारण अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून कॉल लागत नाही, फक्त संदेश जातात. झूम किंवा टीम्स उघडावे लागते. आईसाठी बोटिम हे कॉलचे अॅप असतेच. त्यावर ती विचारते, ‘बाळा, अजून शिकतोयस? शेजारचा तर कधीच झाला.’ शेजारच्याने नोकरी केलेली नाही, हा मुद्दा तिच्यापर्यंत पोचत नाही.

पदवी हाती आल्यावर तिचा स्वतःचा प्रवास सुरू होतो. अमिराती अपोस्टिल करारात नसल्यामुळे एका शिक्क्यावर भागत नाही. महाराष्ट्रातल्या पदवीला आधी राज्याच्या शिक्षण खात्याची साक्ष, मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची, मग अमिरातीच्या दूतावासाची आणि सरतेशेवटी अमिरातीच्या परराष्ट्र मंत्रालयाची. प्रमाणपत्राची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा भरगच्च होते. समकक्षता मागायची वेळ आली तर शिक्षण वर्गात बसून झाले की दुरून, हेही विचारले जाते आणि दूरस्थ पदवीची गाडी बरेचदा इथेच अडते. चार वर्षे दोन गाद्यांमधल्या पार्टिशनमागे, सोबत्याच्या घोरण्यावर मात करून शिकलेल्या माणसाला हा प्रश्न अपमानास्पद वाटतो, पण अर्जात भावनेसाठी रकाना नाही.

लेबर कार्डावरचे पदनाम पदवीमुळे आपोआप बदलत नाही. ते मालकालाच बदलून घ्यावे लागते आणि पगार बदलेल याची हमी कोणताही शिक्का देत नाही. तेव्हा प्रवेश घेणाऱ्याने फीचा पहिला हप्ता भरण्याआधी अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, प्रमाणपत्रावर शिक्षणाची पद्धत काय छापली जाईल आणि आपल्या कंपनीला ती पदवी चालेल का, हे लेखी विचारून घ्यावे. आणि बारावीची मूळ गुणपत्रिका साताऱ्याच्या कपाटातून आत्ताच मागवून घ्यावी. ती लागतेच.