स्टँडवर अठ्ठेचाळीस

मालवणात घाई कुणालाच नसते. मासळीचा लिलाव लागतो तेवढ्यापुरती काय ती धावपळ. एरवी दुपारी जेवण झाल्यावर बाजारपेठ जी आडवी होते ती उन्हं कलली की डोळे उघडते. पण याच माणसांना रस्त्यावर बघा. पोचायचं कुठं आणि कधी, ही बाब गौण. आपल्या पुढं कोण गेला, एवढंच महत्त्वाचं. तारकर्लीला निघालेली पुण्याची गाडी पुढं गेली तर चालतं, तो पाहुणा आहे, चार पैसे टाकून जाणार आहे. एसटी पुढं गेली तरी चालतं, ती सरकारची. चुलतभाऊ पुढं गेला तर मात्र ते पोटात राहत नाही.

आबांच्या इलेक्ट्रिक स्कूटरचं सगळं रामायण घडलं ते एवढ्यावरून.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. सत्तरी केव्हाच ओलांडली. लायसनची मुदत संपून बरीच वर्षं झाली, पण "मुदत लायसनची संपली हा, माझी नाय" हे त्यांचं ठाम मत. तरुणपणी त्यांच्याकडे लूना होती. पुण्याच्या कायनेटिकनं १९७२ साली ती बाजारात आणली आणि कोकणातल्या चढणींनी तिचा कस पाहिला. चढ आला की पेडल मारायचं, आणि आपण मारतोय हे ओळखीच्या माणसाला दिसू द्यायचं नाही, हे त्या काळचं ड्रायव्हिंग. पुढं गुडघे गेले, लूनाही गेली. मग कुणीतरी कानात सांगितलं की एक स्कूटर मिळते. तिला लायसन लागत नाही, नंबर लागत नाही, विमा लागत नाही, हेल्मेटसुद्धा लागत नाही. ज्या माणसाचं आयुष्य सातबाऱ्यावरची चाळीस नावं मोजण्यात गेलं, त्याला बिनकागदाची वस्तू म्हणजे मोक्षच. आठवड्याभरात स्कूटर पडवीत हजर.

यात लबाडी काही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी सोयच आहे. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, आणि हे सगळं अधिकृत संस्थेनं तपासून दिलेलं असलं, की कायद्याच्या लेखी ते मोटार वाहनच नव्हे. मग ते काय आहे, हे कायदा सांगत नाही. काकीच्या मते ते खेळणं होतं.

आता २५० वॉट म्हणजे किती? सपाट रस्त्यावर एका माणसाला घेऊन २५च्या वेगानं जायला तेवढे पुरतात. पण शंभर मीटरला आठ मीटर उंच होणारा चढ घ्या. गाडी, बॅटऱ्या आणि आबा मिळून दीडशे-एकशेसाठ किलो होतात, आणि तोच वेग राखायचा तर नुसत्या चढासाठी वर आठशे वॉट हवेत. ते आणायचे कुठून? असली वाहनं तपासणाऱ्या संस्थांपैकी पुण्याची एआरएआय चक्क टेकडीवर आहे, तिथं जाण्यायेण्यात तरी हा मुद्दा कुणाच्या लक्षात यायला हवा होता, असं मला नेहमी वाटतं. असो. मालवणातून कुंभारमाठच्या सड्यावर जायची चढण आली की आबांची स्कूटर पायी चाललेल्या माणसाच्या बरोबरीनं चाले, आणि आबा त्याच्याशी गप्पा मारत. पायाशी नारळांची गोणी असली तर तो माणूस पुढं जाई.

अशाच एका दिवशी त्यांना मागून येऊन अण्णांनी गाठलं. अण्णा म्हणजे आबांचे चुलतभाऊ, बांधापलीकडचे. दोघांमध्ये बांधावरच्या फणसावरून आजोबांच्या काळापासून बोलणं नाही. वकिलाच्या नोटिसा तेवढ्या ये-जा करतात. अण्णांचीही स्कूटर इलेक्ट्रिकच. ती चढणीवर सूं करून पुढं गेली, आणि वर पोचल्यावर, समोर कुत्रंसुद्धा नसताना, अण्णांनी हॉर्न वाजवला.

त्या हॉर्ननं आबांचं जेवण गेलं.

आबांचा नातू होड्यांची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. हाताला चांगलाच आहे. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर बंद पडलेलं इंजिन त्यानं कोळंबच्या खाडीत होडीत उभ्या उभ्या चालू केलेलं मी पाहिलंय. त्यानं गाडीला एक फेरी मारली आणि निकाल दिला, "आबा, ही गाडी धावणा नाय कारण हेका लगाम घातलेलो आसा. तो काढूया."

"काय होवचा नाय मा?"

"काय एक होवचा नाय. पाण्यात चलता ता रस्त्यार कित्याक चलाचा नाय?"

पडवीत ऑपरेशन मांडलं गेलं. एका खुर्चीवर मोबाइल, त्यात हिंदीतून वेग वाढवायला शिकवणारा एक उत्साही मुलगा. भोवती वाडीतले सगळे, प्रत्येकाचा सल्ला वेगळा. सीट काढली, पत्रा काढला. आतल्या जोडण्यांवर खाऱ्या हवेनं हिरवा थर चढलेला. वायरीची टोकं बोटानं चोळली तर बोट हिरवं. नातवानं पॉलिश पेपरनं सगळं लख्ख घासलं. माझ्या मते तिथंच थांबलो असतो तर गाडी बरीच सुधारली असती, पण घासण्यासाठी कुणी माणसं जमवत नाही. पुष्कळशा स्वस्त कंट्रोलरांतून वायरीचा एक आकडा बाहेर आलेला असतो. तो जोडलेला असेपर्यंत मर्यादा, सोडवला की रान मोकळं. पक्कड लागली. कट्ट.

तेवढ्या एका कट्टनं कायद्यात काय उलथापालथ झाली ते बघा. क्षणापूर्वी जे वाहनच नव्हतं ते वाहन झालं. म्हणजे ते विनानोंदणी, विनाविमा. चालवणारा विनालायसन, विनाहेल्मेट. शिवाय मोटार वाहन कायद्यातलं, २०१९च्या दुरुस्तीनं नव्या रूपात आलेलं कलम १८२-अ वेगळंच: मालकानं परस्पर केलेल्या प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. मी हे पडवीत वाचून दाखवलं. आबा म्हणाले, "कैदेत जेवाण देतत ना?" काकीनं आतून भांडं आपटलं.

वायर तोडून वेग तिशीच्या थोडा वर गेला. अण्णा तरीही पुढंच. मग निघाला पाचव्या बॅटरीचा विषय. मोटरचा वेग व्होल्टच्या प्रमाणात चढतो, चार बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट होतात, पाचवी जोडली की साठ. हिशेब सोपा, बॅटरी ठेवायची कुठं हेच अवघड. सीटखाली जागा नव्हती. शेवटी ती पाय ठेवायच्या जागी गोणपाटात गुंडाळून सुंभानं आवळली. आबांचे पाय तिच्यावर, गुडघे छातीशी, आणि हँडल वळवलं की ते उजव्या गुडघ्याला अडायचं, म्हणजे गाडी फक्त डावीकडे वळणार. "तसा आपला घर डावीकडेच आसा," आबा म्हणाले.

गाडी मधल्या स्टँडवर चढवून नातवानं मूठ पिळली. मागचं चाक भन्नाट सुटलं. काटा तीस, चाळीस, पंचेचाळीस... अठ्ठेचाळीस! पडवीत टाळ्या. कुणीतरी शिटी मारली. काकी दारात येऊन उभी राहिली, काट्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं आणि म्हणाली, "अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस काय करतास? गाडी तर हयसरच आसा!"

शास्त्रीय बोलायचं तर काकीचंच बरोबर होतं. हवेत फिरणाऱ्या चाकावर ना आबांचं वजन, ना वाऱ्याचा रेटा. रस्त्यावर उतरल्यावर वेग दुप्पट करायचा तर नुसती हवा बाजूला सारायला आठपट ताकद लागते. थांबण्याचं गणितही असंच. त्याच ब्रेकवर दुप्पट वेगाची गाडी थांबायला चौपट अंतर घेते. या गणिताबद्दल मोबाइलमधला उत्साही मुलगा काही बोलला नाही. आमच्याकडचे रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, पुढचं वळण दिसत नाही, आणि वळणापलीकडे बसलेली गाय हॉर्नला दाद देत नाही.

वेगाचं हे वेड मालवणनं काढलेलं नाही, हे मात्र सांगायला हवं. ताशी शंभर किलोमीटरची हद्द ज्या मोटारीनं पहिल्यांदा ओलांडली ती विजेवरचीच होती. कामीय जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थानं २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ तोफगोळ्यासारख्या दिसणाऱ्या गाडीतून १०५.८८चा वेग गाठला. गाडीच्या नावाचा अर्थ ‘कधीच समाधानी नसलेली’. का? तर दुसऱ्या एका विजेच्या गाडीवाल्याशी त्याची चढाओढ लागली होती. आज याचा विक्रम, उद्या त्याचा. दोघांमध्ये फणस नव्हता इतकंच. एवढ्या वेगातून हा माणूस सहीसलामत सुटला, आणि पुढं १९१३ साली शिकारीला गेला असताना दोस्तांची गंमत करायला झाडीत लपून रानडुकराचा आवाज काढत बसला. आवाज इतका हुबेहूब जमला की दोस्तानं गोळी घातली. ही गोष्ट पडवीत सांगितल्यावर, रानडुकरांनी शेती उद्ध्वस्त केलेल्या तिथल्या मंडळींची सगळी सहानुभूती गोळी घालणाऱ्याला गेली.

पहिल्या फेरीआधी नारळ ठेवणं भाग होतं. शेजारच्या तात्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान जी काय गाडयेची वायर तोडलेली आसा, आणि चार होत्यो थय पाच बॅटऱ्यो घातलेल्यो आसत, त्येच्यात काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"गाडी पळव, पण बिरेक लागतलो असा बघ. वाटेत गोरू आडवा येत आसात तर त्येका गडग्याच्या आत ठेव, आरटीओचो सायब येत आसात तर त्येका दुसऱ्या वाटेक लाव, आणि अण्णा येत आसात तर त्येका मात्र ह्याच वाटेक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात आबांचा आवाज सगळ्यांच्या वर.

देवानं ऐकलं. गोरू आलं नाही, साहेब आला नाही, आणि चढणीच्या पायथ्याशी अण्णा आले. आबांनी मूठ पिळली. मागून मोटरसायकलवर नातू आणि त्याच्यामागे मी. खरं सांगतो, पहिल्या वळणापर्यंत आबा पुढं होते. गुडघे छातीशी, पांढरे केस मागं उडालेले, चेहऱ्यावर कोर्टात जिंकल्याचा भाव. मग कसलातरी करपल्याचा वास आला. मग फट्ट असा आवाज. अण्णा सूं करून गेले, आणि वर जाऊन त्यांनी हॉर्न वाजवला.

कंट्रोलर उघडला तेव्हा आत एक कपॅसिटर टम्म फुगून फुटलेला होता. त्याच्या पोटावर स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं: ६३ व्होल्ट. आणि पूर्ण चार्ज झालेल्या पाच बॅटऱ्या नुसत्या बसल्या जागी ६४ दाखवतात, चार्जरवरून काढल्या काढल्या तर आणखी जास्त. नातू कपाळाला हात लावून म्हणाला, "एका व्होल्टान घात केल्यान!"

"एका व्होल्टासाठी? मगे देव खय होतो?" आबा भडकले.

तात्या शांतपणे म्हणाले, "गाऱ्हाण्यात व्होल्टाचा कोणी सांगल्यानच नाय. देवाक सांगल्याशिवाय कसा कळतला?"

असले उद्योग काही आमच्याच पडवीत होत नव्हते. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तालयानं परस्पर वेग वाढवलेल्या ई-बाइकांवर कारवाईचे आदेश काढले, आणि त्यात मालकांच्या जोडीला उत्पादक आणि विक्रेत्यांनाही धरलं. मला तो विक्रेत्यांचा भाग फार आवडला. आबांचं सोडा, त्यांना सूड घ्यायचा होता. पण बिनलायसनची म्हणून गाडी विकायची आणि गिऱ्हाईक दाराबाहेर पडता पडता "वायर काढून देऊ का?" म्हणून विचारायचं, याला धंदा म्हणत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला भडकलेल्या स्कूटरचा व्हिडिओ घरोघरी पोचला होता. काकीनं तो जपून ठेवलेला. "ती लिथियमची, आपली शिशाची," असं नातवानं परोपरीनं सांगितलं, पण स्कूटरची रवानगी गोठ्यात झाली. गोठ्यात गुरं नाहीतच हल्ली, त्यामुळे जागा ऐसपैस.

आणि अण्णांच्या गाडीचं गुपित? ते बाजारात भर दिवसा उभं होतं. गाडीला हिरवी पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत एमएच ०७. म्हणजे ती रीतसर नोंदलेली, विमा उतरवलेली, मोठ्या मोटरची स्कूटर. अण्णांनी लायसनही वेळच्या वेळी नवं करून घेतलेलं. आबांनी ती पाटी अनेकदा पाहिली होती. त्यांना वाटलं अण्णांनी हौसेनं रंगवलीय.

आता आबांना तसलीच गाडी हवी आहे. पैशांची अडचण नाही, अडचण लायसनची आहे. मुदत संपून वर्ष उलटलं की नुसत्या अर्जानं भागत नाही, चाचणी पुन्हा द्यावी लागते. डॉक्टरांचा दाखला जोडायचा आणि ओरोसला साहेबांसमोर आठचा आकडा काढून दाखवायचा. आबा सकाळ-संध्याकाळ खळ्यात पायी आठ काढतात. पण चाचणीला गाडी आपली आपण न्यायची, आणि ती नोंदलेली, विम्याची लागते. वाडीत तशी बिनगिअरची गाडी एकच.

काकीमार्फत निरोप गेला. अण्णांचा निरोप आला: गाडी घेऊन जा, पण आधी फणसाच्या कागदावर सही कर. आबांनी विचारलं, "आठ काढूक वेळ किती लागता?" नातू म्हणाला, दोन मिनिटं. "दोन मिनटांक अख्खो फणस?" आबांनी उलट निरोप धाडला, पूर्वेकडच्या एका फांदीचा. अण्णांना पश्चिमेची हवी आहे, तिला जास्त लागतात. सध्या बोलणी तिथंच अडली आहेत. फणस कापा आहे. बरका असता तर एव्हाना आबांचं लायसन हातात पडलं असतं.