नव्या गाण्यांची जुनी शिफारस

कळंब-कर्जतकडच्या फार्महाऊसांवर शनिवारी रात्री वाजणारा टेक्नो आणि हाऊस कायम ताजाच असतो. गेल्या शनिवारचा शिळा झालेला असतो. सतत ताजंच मागणाऱ्या चोखंदळांना एकच शिफारस: चरणजित सिंग यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी. साल १९८२, गाव मुंबई. भैरव, ललत, तोडी, मालकंस हे राग रोलंडच्या ८०८ (ठेका) आणि ३०३ (बेस) या यंत्रांच्या साथीनं वाजवलेले. शिकागोच्या फ्यूचर या गटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ आलं १९८७ मध्ये, त्याच ३०३ च्या गुरगुरीवर. कुणी म्हणेल, शिकागोवाल्यांनी ही तबकडी ऐकलीच नसेल. मान्य, त्यांच्या संगीताच्या पितृत्वाचा दावा नाहीच. पण तोच ठेका, तेच यंत्र पाच वर्षं आधी इथे वाजत होतं आणि आपल्याकडे गिऱ्हाईक नव्हतं. २०१० मध्ये तबकडी परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा आपले कान उघडले!

दुसरा आक्षेप: राग लावले तर पार्टी झोपेल. झोपू द्या की! उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. २००० सालचा तो नियम कळंबलाही लागू आहे. तेव्हा मालकंस साडेनऊलाच लावा, आणि दहाला गावाला झोपू द्या.