मागे उभी असलेली माणसं

वाईच्या घाटावर नाहीतर मेणवलीला रंगांचं सामान मांडून बसलं, की डब्यात पाणी भरायच्या आतच मागे कुणीतरी येऊन उभं राहतं. पहिला माणूस बोलत नाही. दुसरा आला, की हाच त्याला माहिती पुरवतो, "देऊळ काढतायत." शाळा सुटलेली पोरं तर थेट मागणीच करतात, "काका, मला पण काढा ना!"

स्पॉट पेंटिंगला हे फुकटचे परीक्षक ठरलेलेच, आणि माझी त्यांच्याबद्दल तक्रारही नाही. फक्त एका बाबतीत आमचं जमत नाही. उन्हातल्या पायऱ्या मी कोऱ्या ठेवतो, आणि मागून आवाज येतो, "इथं राह्यलंय बघा."

राहिलेलं नसतं, राखलेलं असतं. जलरंग पारदर्शक, उजेड त्यातून आरपार कागदापर्यंत जातो आणि तिथून परत येतो. वरून पांढरा थापला, की ही ये-जा बंद. तैलरंगात अंधारावर शेवटी उजेडाचा ठिपका ठेवता येतो. इथे उजेड कुठे हवा, ते ब्रश भिजवण्याआधी ठरवायचं. म्हणजे धोतर वाळत घातलेलं असेल, तर धोतर सोडून बाकी सगळं रंगवायचं. असल्या कामाला कष्टाचा मान कोण देणार?

सावळाराम हळदणकरांनी तो मिळवला. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात त्यांचं 'ग्लो ऑफ होप' आहे. दिव्याच्या ज्योतीआड हात धरलेली बाई, आणि बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड. त्यांची लेकच मॉडेल म्हणून उभी होती. कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. आहे मात्र जलरंगातलं, आणि हळदणकरांचंच!

आम्हा घाटावरच्या मंडळींचे शत्रू साधे असतात. एप्रिलातल्या उन्हात आकाशाचा वॉश खाली आणेपर्यंत वरची कड वाळून बसते. कोकणात पावसाळ्यात तेच आकाश चहा झाला, गप्पा झाल्या तरी ओलंच. शिवाय रंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून लावताना थोडा भडकच लावायचा, नेमका तेव्हाच मागचा हळहळतो, "जास्त झाला."

म्हशी तर वैरीच. पाठ, शेपूट होईपर्यंत निवांत बसतात, तोंडापाशी आलो की उठतात. मेणवलीची ती मोठी घंटा बरी. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या लुटीतली. ती जागची हलत नाही. तिची चित्रं इतकी का निघतात याचं कारण इतिहासप्रेम असावं, असं मला वाटत नाही.

माणसांचंही तसंच. धुणं धुणारी बाई वाकते, आपटते, पिळते; तिच्यासाठी ब्रशचे दोन फटकारे पुरतात, फार करायला गेलं की ती दगडाची होते. एकदा अशीच एक मावशी पिळे बादलीत टाकून, पोरांना बाजूला सारत पुढे आली. चित्रात तिने स्वतःला बरोबर हुडकलं.

"ही मी व्हय? आन् धुणं कुठंय?"

मी तिच्या शेजारच्या कोऱ्या कागदाकडे बोट दाखवलं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"चांगलं निघालंय की," म्हणाली, आणि बादली उचलून निघाली.