गॅसगळतीचा ठपका

‘कम्युनिटी’ या अमेरिकी सिटकॉमचं चौथं पर्व फसलं, असं तिचे बहुतेक चाहते सांगतात. पाचव्या पर्वात तर खुद्द मालिकेनेच त्या सालाला ‘गॅसगळतीचं वर्ष’ म्हणून मोडीत काढलं. मला हा निवाडा मान्य नाही. १३ भागांची डीव्हीडी लावा, ओळीने पाहा आणि मग बोला.

टीव्हीवर या पर्वाचे हाल झाले. मे २०१२मध्ये मालिकेचा जनक डॅन हार्मन याला काढून टाकलं आणि सूत्रं मोझेस पोर्ट व डेव्हिड ग्वारासिओ यांच्याकडे दिली. ऑक्टोबरात सुरू व्हायचं पर्व एनबीसी वाहिनीने फेब्रुवारी २०१३वर ढकललं. मग हॅलोविनचा भाग व्हॅलेंटाइन डेला, थँक्सगिव्हिंगचा मार्चमध्ये आणि नाताळचा एप्रिलमध्ये लागला. लेखकांचा यात काय दोष? डीव्हीडीवर या तारखा आडव्या येत नाहीत. तिथे फक्त लिखाण बोलतं, आणि तेच तपासायचं असतं.

तपासलं की खरे दोष लपत नाहीत. एकामागून एक भाग पाहताना नक्कल उघडी पडते. शेवटच्या भागात पुन्हा पेंटबॉल, पुन्हा ती ‘काळी’ समांतर दुनिया. तिसऱ्या पर्वात एका फाशाच्या सात शक्यतांतून ती दुनिया निघाली होती, तेव्हा तिच्यात मैत्रीबद्दलची खरी भीती होती. इथे नुसता पोशाख उरला. त्याहून वाईट म्हणजे ‘हिरोइक ओरिजिन्स’. मालिकेच्या अभ्यासगटातली ही मंडळी ग्रीनडेल कॉलेजात येण्याआधीच एकमेकांच्या आयुष्यात डोकावून गेली होती, असं हा भाग सांगतो. अहो, ती माणसं योगायोगाने एका टेबलाभोवती जमली, ब्रिटावर छाप पाडायला जेफने खोटाच अभ्यासगट काढला, यातच तर मालिकेचा जीव होता! नियतीची गाठ मारून तो जीव कशाला घोटायचा?

पण याच संचात ‘बेसिक ह्यूमन अ‍ॅनाटॉमी’ आहे. तो जिम रॅशने लिहिला. मालिकेत डीन पेल्टन साकारणारा हाच तो नट, आणि ‘द डिसेंडंट्स’च्या पटकथेसाठी ऑस्करचा मानकरी. ट्रॉय आणि आबेद ‘फ्रीकी फ्रायडे’च्या डीव्हीडीला एकदम हात लावतात आणि शरीरांची अदलाबदल झाली म्हणून सांगतात. वरवर पोरखेळ. खाली मात्र ब्रिटाशी संबंध तोडायचं धैर्य नसलेला एक पोरगा, आणि त्याच्या वतीने ते अवघड बोलणं स्वतःवर घेणारा त्याचा मित्र. ट्रॉय आणि आबेद साकारणारे डॉनल्ड ग्लोव्हर आणि डॅनी पुडी एकमेकांची लकब इतक्या प्रेमाने उचलतात की हसता हसता घसा दाटतो. या माणसांना आतून ओळखणाऱ्यानेच असं लिहावं.

थँक्सगिव्हिंगच्या भागाचेही दोन तुकडे पाडून पाहा. गटातल्या शर्लीच्या गॅरेजमधून पळण्याचं ‘शॉशँक’छाप विडंबन खुशाल पुढे ढकला, रिमोट त्यासाठीच आहे. पण जेफ बापासमोर उभा राहतो तिथे थांबा. लहानपणी अपेंडिक्सच्या ऑपरेशनची थाप मारली, ती खरी वाटावी म्हणून स्वतःच पोटावर जखम केली आणि वर्गातल्या मुलांनी पाठवलेली ‘लवकर बरा हो’ची कार्डं अजून जपून ठेवलीत, हे तो बापाला सांगतो. जेफ साकारणाऱ्या जोएल मॅकहेलने इतकं उघडं काम मालिकेत फार कमी वेळा केलंय.

पाचव्या पर्वात हार्मन परतला, याचा आनंद मलाही झाला. ते पर्व चौथ्यापेक्षा सरस आहे, हेही खरं. पण रॅशचा भाग त्या पाचव्या पर्वाच्या कुठल्याही चांगल्या भागाशेजारी ठेवा, उणा पडत नाही. असा भाग देणाऱ्या वर्षाला मालिकेने गॅसगळती म्हणायला नको होतं.